मानसशास्त्र विज्ञान कसे झाले, हे स्वतःच्या हाताने करून पाहण्यासाठी

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य इतक्या वेळा समोर येते की ते वाचून होण्याआधीच पुढचे शब्द डोळ्यांपुढे उभे राहतात: 'इ.स. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली.' वाक्य बरोबर आहे आणि त्याला गुण द्यावेच लागतात. परंतु ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रयोगशाळेत माणसे नेमके काय करत होती असे विचारले, तर तो गप्प होतो. सांगलीत मानसशास्त्र शिकवताना ही गोष्ट मला बरीच वर्षे खटकत होती. शेवटी मी या विषयाचा इतिहास फळ्यावर शिकवणे कमी केले आणि तो विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ लागले. ज्या प्रयोगांमुळे मनाचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्या ओसरीवरून उठून विज्ञानाच्या घरात आला, ते प्रयोग आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. केसांचा आकडा, बारा डब्या, दोन लाकडी पट्ट्या आणि कागदाच्या चिठ्ठ्या एवढ्या साहित्यावर त्यांतले चार प्रयोग महिना-दीड महिन्यात होतात. सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागातील महाविद्यालयांत महागडी उपकरणे नसली तरी त्यावाचून काहीही अडत नाही. पुढील मार्गदर्शन शिक्षकांसाठी आहे, तसेच घरी दोघा-तिघांनी मिळून हे करून पाहू इच्छिणाऱ्या कोणत्याही जिज्ञासू वाचकासाठीही आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

या प्रयोगांना कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते, हे आधी वर्गात सांगावे. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७८६ मध्ये असे मत मांडले होते की मनाचा अभ्यास खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही, कारण आतल्या अनुभवाला गणित लावता येत नाही. हा आक्षेप किरकोळ नव्हता. दुःख किती आहे, उजेड किती भासतो, आठवण किती पुसट झाली आहे, हे मोजायला कोणतीही फूटपट्टी मनाला टेकवता येत नाही. पुढची शंभर वर्षे या आक्षेपाला वाद घालून उत्तर देण्यापेक्षा मोजून उत्तर देण्यात गेली. म्हणून प्रत्येक प्रयोगापूर्वी विद्यार्थ्यांनी वहीत एकच प्रश्न लिहावा: आज आपण आतली कोणती गोष्ट बाहेरच्या कोणत्या मापाने पकडणार आहोत?

दुसरी तयारी भूमिकांची. आज प्रयोग घेणारा निराळा आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो निराळा, अशी आपल्याला सवय झाली आहे. लाइपझिगमध्ये तसे नव्हते. तिथे वुंट स्वतः निरीक्षक म्हणून बसत आणि त्यांचा विद्यार्थी उपकरण चालवी. दुसऱ्या वेळी भूमिका बदलत. अनुभव सांगणाऱ्याचे काम तिथे अधिक कसबाचे मानले जाई. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा एक हलका हात फिरवतो. त्याला ऐकू येणारा फरक शेजारी बसलेल्या आपल्याला ऐकू येत नाही, पण म्हणून तो फरक काल्पनिक ठरत नाही. वुंट यांना निरीक्षकाकडून अशीच कमावलेली जाण हवी होती. त्यासाठी त्यांनी अटी घातल्या होत्या. अनुभव केव्हा सुरू होणार हे निरीक्षकाला ठाऊक असावे, त्याचे लक्ष त्या क्षणी पूर्ण एकवटलेले असावे, निरीक्षण पुन्हा पुन्हा करता यावे आणि परिस्थितीत ठरवून बदल करून त्याचा परिणाम पाहता यावा. या चार अटी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. आरामखुर्चीत बसून मनाचा विचार करणे आणि मनावर प्रयोग करणे यांतला फरक या अटींमध्ये आहे.

प्रत्येकाने तीन भूमिका आळीपाळीने कराव्यात: प्रयोगकर्ता, निरीक्षक आणि नोंद करणारा. कोणालाही सक्ती करू नये. त्वचेच्या प्रयोगात स्पर्श करावा लागतो, त्यामुळे जोड्या ठरवताना विद्यार्थ्यांची इच्छा आधी विचारावी.

पहिला प्रयोग: त्वचेवरचे दोन बिंदू

हा प्रयोग सर्वांत सोपा असल्यामुळे यापासून सुरुवात करावी. अर्न्स्ट हाइनरिख वेबर हे लाइपझिगमधले शरीरशास्त्रज्ञ. कंपासाची दोन टोके त्वचेवर एकाच वेळी टेकवून, ती किती जवळ आणली म्हणजे एकच टोक असल्यासारखे वाटते, हे त्यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांवर पाहिले आणि १८३४ मधील स्पर्शावरील ग्रंथात मांडले. कंपासपेटीतल्या कर्कटकाची टोके बोचतात, म्हणून ती वापरू नयेत. अंबाड्याला लावतात तो गुळगुळीत टोकांचा आकडा घ्यावा. तो हाताने उघडता-मिटता येतो आणि मिलिमीटरच्या पट्टीवर त्याचे अंतर मोजता येते.

निरीक्षकाने डोळे मिटून हाताचा पंजा टेबलावर उताणा ठेवावा. प्रयोगकर्त्याने आकड्याची दोन्ही टोके एकाच क्षणी आणि सारख्याच दाबाने टेकवावीत. निरीक्षकाने 'एक' किंवा 'दोन' एवढेच म्हणावे. एकदा अंतर स्पष्ट जाणवेल इतके मोठे ठेवून थोडे थोडे कमी करत जावे, दुसऱ्यांदा अगदी लहान ठेवून वाढवत न्यावे, आणि उत्तर जिथे बदलते ते अंतर दोन्ही वेळा लिहावे. मधूनमधून न सांगता एकच टोक टेकवावे. नाहीतर निरीक्षक सवयीने 'दोन' म्हणत राहतो. बोटाच्या टोकावर हे अंतर सुमारे २ मिलिमीटर येते, तर पाठीच्या मध्यभागी ते ६० मिलिमीटरच्या आसपास जाते. वर्गात पाठीऐवजी कोपराखालचा हात घेतला तरी पुरे. बोटाच्या टोकावर जे दोन आहे ते मनगटाच्या वर एक होते, हे स्वतःला जाणवते तेव्हा विद्यार्थी डोळे उघडून आकड्याकडे पाहतात. बाहेरचे अंतर बदललेले नाही, आतले बदलले आहे आणि ते मिलिमीटरमध्ये लिहिता आले आहे.

दुसरा प्रयोग: डब्यांची वजने

या प्रयोगावर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण मानसशास्त्राच्या विज्ञानपणाचा गाभा इथे हाताशी येतो. वेबर यांच्या लक्षात आले होते की वजनातला फरक ओळखताना किती ग्रॅमचा फरक आहे याला महत्त्व नसते. मूळ वजनाच्या कितव्या हिश्श्याइतका तो फरक आहे याला असते. उचलून पाहिलेल्या वजनांसाठी त्यांना हा हिस्सा सुमारे १/४० आढळला. आपल्याकडे यासाठी दूर जायला नको. मार्केट यार्डात ५० किलो हळदीचे पोते पाठीवर घेतले असता त्यात पावशेर कमी आहे की जास्त, हे पाठीला कळत नाही. तीच पावशेर मिरची बाजारच्या पिशवीत कमी पडली, तर पिशवी उचलताच हाताला कळते.

साहित्य असे जमवावे. गणपती पेठेतल्या दुकानातून घट्ट झाकणाच्या, अपारदर्शक आणि तंतोतंत एकाच आकाराच्या बारा डब्या आणाव्यात. आकार सारखाच हवा, कारण समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला जड भासते आणि मग आपण भलतेच काही मोजू लागतो. सहा डब्या अनुक्रमे २००, २०४, २०८, २१२, २१६ आणि २२० ग्रॅम भरतील अशा करून घ्याव्यात. उरलेल्या सहा याच्या दुप्पट, म्हणजे ४०० पासून ४४० ग्रॅमपर्यंत आठ-आठ ग्रॅमच्या फरकाने. वजन डबीसकट मोजावे. किराणा दुकानातला काटा इतक्या बारीक कामाला पुरत नाही; रसायनशास्त्राच्या विभागातला किंवा ओळखीच्या सराफाचा काटा वापरावा. खुणेचा अंक डबीच्या बुडाशी लिहावा, म्हणजे उचलणाऱ्याला तो दिसणार नाही.

डब्या कशाने भरायच्या याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण इथे माझ्याकडून चूक झाली होती. पहिल्या वर्षी मी डब्यांत नदीकाठची कोरडी वाळू भरली. एका विद्यार्थिनीची उत्तरे ४ ग्रॅमच्या फरकालाही सलग बरोबर येऊ लागली, तेव्हा तिच्या हाताचे मला कौतुकच वाटले. तिच्याकडे नीट पाहिल्यावर दिसले की ती प्रत्येक डबी उचलताना मनगटाला किंचित झटका देते. विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, कमी भरलेली डबी जास्त वाजते ना." ती वजन ओळखत नव्हती, ऐकत होती. त्या दिवसाचे सगळे आकडे आम्ही बाद केले, डब्या रिकाम्या केल्या, वाळूवर कापूस दाबून बसवला आणि झाकणे चिकटपट्टीने बंद केली. तेव्हापासून हा किस्सा मी प्रयोगाआधी मुद्दाम सांगते. मन मोजू पाहणाऱ्याला मनाची हुशारी आधी ध्यानात घ्यावी लागते; ते मिळेल त्या वाटेने उत्तर शोधते.

प्रत्यक्ष प्रयोग असा करावा. निरीक्षकाने डोळे बांधून बसावे आणि कोपर टेबलावर टेकवावे. प्रयोगकर्त्याने एकाच हातात आधी एक डबी द्यावी, दोन सेकंदांनी ती काढून घ्यावी आणि दुसरी द्यावी. या दोहोंपैकी एक नेहमी २०० ग्रॅमची असेल. जड कोणती, पहिली की दुसरी, एवढेच निरीक्षकाने सांगावे. 'सारखीच वाटते' हे उत्तर घेऊ नये. संशय असला तरी अंदाजाने एक सांगायचे. २०४ ते २२० या पाच डब्यांपैकी प्रत्येकीची २०० शी २० वेळा तुलना करावी, म्हणजे १०० निर्णय होतात. क्रम चिठ्ठ्या काढून ठरवावा आणि प्रत्येक जोडीत निम्म्या वेळा २०० ग्रॅमची डबी आधी द्यावी, निम्म्या वेळा नंतर. ही काळजी घेण्याचे कारण असे की नंतर उचललेले वजन पुष्कळदा उगाचच जड वाटते. दर २५ निर्णयांनंतर पाच मिनिटे हाताला विसावा द्यावा.

मग प्रत्येक फरकाला २० पैकी किती उत्तरे बरोबर आली ते मांडावे. नुसत्या अंदाजाने निम्मी, म्हणजे १० बरोबर येतातच. म्हणून ज्या फरकाला १५ उत्तरे, म्हणजे ७५ टक्के, बरोबर येतात तो फरक त्या निरीक्षकाची भेदसीमा समजावी. ती दोन डब्यांच्या मध्ये पडली तर आलेख काढून अंदाजे ठरवावी. समजा ती १२ ग्रॅम आली. आता दुसऱ्या दिवशी ४०० ग्रॅमचा संच घेऊन सारे पुन्हा करावे. भेदसीमा पुन्हा १२ ग्रॅम येते, की २४ च्या जवळ जाते? हा आकडा कागदावर उमटेपर्यंत वेबर यांचे नाव घेऊ नये. नवख्या हातांची सीमा १/४० पेक्षा मोठी येणे स्वाभाविक आहे, त्याने निराश होऊ नये. दोन्ही संचांतील प्रमाण जवळपास सारखे राहते का, हे पाहायचे आहे.

ज्या पद्धतीने आपण हे निर्णय मोजले, ती पद्धत गुस्ताव्ह थिओडोर फेक्नर यांनी घडवली, आणि त्यांच्याविषयी वर्गात थोडे थांबून बोलावे असे मला फार वाटते. फेक्नर मूळचे लाइपझिगमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रंगीत काचांतून सूर्याकडे पाहण्याच्या प्रयोगांनी त्यांचे डोळे दुखावले, त्यांना आपले पद सोडावे लागले आणि काही वर्षे अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. त्यातून बरे झाल्यावर २२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना सुचले की बाहेरचे उद्दीपन आणि आतले वेदन, म्हणजे इंद्रियांना होणारी जाणीव, यांचे नाते गणिताने लिहिता येईल. या कल्पनेवर दहा वर्षे राबून त्यांनी १८६० मध्ये मनोभौतिकीवरचा, म्हणजे या नात्याच्या शास्त्रावरचा, आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वजनांच्या एका प्रयोगमालेत त्यांनी स्वतः २४,५७६ तुलना केल्या. शंभर निर्णयांनी हात दुखू लागलेल्या विद्यार्थ्याला हा आकडा सांगावा. आपण आत्ता केले त्याच्या सुमारे अडीचशे पट काम एका माणसाने केले, हे त्याच्या दुखऱ्या मनगटाला कळते.

फेक्नर यांचे गणित फळ्यावर लघुगणकाच्या सूत्राने सुरू करू नये. डब्यांनीच सुरू करावे. भेदसीमा ६ टक्के असेल, तर २०० ग्रॅमनंतर जेमतेम वेगळे जाणवणारे वजन २१२, त्यानंतरचे सुमारे २२५, त्यानंतरचे सुमारे २३८. असे चढत गेल्यास ४०० ला पोचायला १२ पायऱ्या लागतात. ४०० पासून ८०० ला पोचायलाही १२ च पायऱ्या लागतात. बाहेर पहिल्यांदा २०० ग्रॅम वाढले आणि दुसऱ्यांदा ४००. आत मात्र दोन्ही वेळा वाढ सारखीच झाली. बाहेरचे गुणाकाराने वाढते तेव्हा आतले बेरजेने वाढते, हा फेक्नर यांचा नियम. त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटावर पहिली पणती लावली की पायरी उजळते. शेकडो पणत्यांच्या रांगेत आणखी एक लावली, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र इथे फेक्नर यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे जेमतेम जाणवणारी प्रत्येक पायरी मनाला सारख्याच उंचीची असते. या गृहीतावर त्यांच्या हयातीतच टीका झाली आणि विसाव्या शतकात वेगळी सूत्रेही पुढे आली. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने हा आक्षेप स्वतःहून घेतला, तर तास सार्थकी लागला असे मी मानते. चुकीचे सिद्ध करता येईल इतके नेमके विधान मनाविषयी करता आले, हे कांट यांच्या आक्षेपाला मिळालेले पहिले भक्कम उत्तर होते.

तिसरा प्रयोग: पट्टी पकडणे

याची पार्श्वभूमी ग्रीनिचच्या वेधशाळेतली आहे. आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या तंतूवरून केव्हा जातो, याची वेळ घड्याळाचे ठोके ऐकत लिहायची असे. १७९६ मध्ये तिथले प्रमुख नेव्हिल मॅस्कलिन यांनी आपला साहाय्यक डेव्हिड किनब्रुक याला कामावरून काढले, कारण त्याच्या नोंदी त्यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिराच्या येत होत्या. पुढे फ्रीड्रिख बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने तुलना करून पाहिले, तेव्हा निष्णात निरीक्षकांच्या वेळांतही असे नियमित फरक आढळले. एका माणसाच्या नोकरीवर बेतलेली ती चूक नव्हती, तो माणसामाणसांतला फरक होता. तरीही मनाचा वेग मोजता येईल असे कुणाला वाटत नव्हते. मज्जातंतूंतून जाणारा संदेश मोजता न येण्याइतका वेगवान असावा, असा योहानेस म्यूलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाचा समज होता. त्यांचेच विद्यार्थी हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही बराच कमी निघाला. संदेशाला वेळ लागतो, तर निवड करायलाही वेळ लागत असला पाहिजे. नेदरलँड्समधील फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये हा विचार प्रयोगात आणला.

यासाठी कापड दुकानात असते तशी लाकडी मीटरपट्टी हवी, आणि एकसारख्या दोन हव्यात. पहिल्या भागात प्रयोगकर्त्याने एक पट्टी वरून धरून उभी लोंबती ठेवावी. निरीक्षकाचा अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न लागता, उघडी असावीत. पट्टी अचानक सोडली जाते आणि ती सुटलेली दिसताच पकडायची. बोट जिथे बसले तो सेंटिमीटरचा आकडा लिहावा. त्याचे वर्गमूळ काढून ०.०४५२ ने गुणले की सेकंद मिळतात, कारण पडण्याचा वेग गुरुत्वाकर्षणाने ठरलेला आहे. १८ सेंटिमीटरला सुमारे ०.१९ सेकंद येतात. वुंट यांच्या प्रयोगशाळेत याच कामासाठी सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारे हिप यांचे कालमापक यंत्र होते. आपल्याकडे ते काम पृथ्वी करते.

दुसऱ्या भागात प्रयोगकर्त्याने दोन हातांत दोन पट्ट्या धराव्यात आणि निरीक्षकाने दोन्ही हात तयार ठेवावेत. कोणती पट्टी सुटेल हे सांगायचे नाही. जी सुटेल तीच पकडायची, दुसरा हात हलता कामा नये. आता बोट बरेच खाली बसते. समजा ३४ सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे ०.२६ सेकंद. दोहोंची वजाबाकी ०.०७ सेकंद, आणि ती डॉन्डर्स यांच्या हिशेबाने निवडीची वेळ. डाव्या-उजव्या पायाला विजेचा हलका झटका देऊन त्यांनी अशीच वजाबाकी केली, तेव्हा त्यांना सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग मिळाला होता. प्रत्येक भागाच्या किमान २० नोंदी घ्याव्यात, पहिल्या पाच सरावाच्या म्हणून सोडून द्याव्यात, आणि सेंटिमीटरची सरासरी न काढता प्रत्येक नोंदीचे आधी सेकंद करून मग सरासरी काढावी. पट्टी सुटण्याआधीच हात मिटला तर ती नोंद बाद करावी, पण बाद केल्याचे लिहून ठेवावे. सोडणाऱ्याने 'तयार' म्हटल्यानंतर दर वेळी वेगवेगळा अवकाश ठेवावा, नाहीतर निरीक्षक तालावर पकडू लागतो.

आता १८७९ कडे वळावे, कारण आता त्या वर्षाला अर्थ आलेला असतो. त्या वर्षी लाइपझिगला उद्घाटनाचा समारंभ झाला नाही. विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीत वुंट यांना उपकरणे ठेवण्यासाठी एक खोली मिळालेली होती. १८७९ च्या हिवाळ्यापासून तिथे विद्यार्थ्यांनी स्वतःचे संशोधन सुरू केले, एवढीच ती घटना. माक्स फ्रीड्रिख या विद्यार्थ्याने साध्या आणि संमिश्र उद्दीपनांचे भान यायला किती वेळ लागतो हे मोजले. म्हणजे आपण पट्टीने केले त्याच जातीचे काम त्याने अधिक बारकाईने केले, आणि निरीक्षकांत वुंट स्वतः होते. ते संशोधन १८८१ मध्ये वुंट यांनी सुरू केलेल्या नियतकालिकात आले. प्रश्न, उपकरण, एकमेकांचे निरीक्षक होणारे विद्यार्थी, छापलेला निष्कर्ष आणि तो पुन्हा तपासायला मोकळे असलेले जग, या गोष्टी प्रथमच एका ठिकाणी टिकून राहिल्या. इथे शिकून गेलेल्यांनी आपापल्या देशांत प्रयोगशाळा काढल्या. लाइपझिगला काही काळ राहून आलेल्या स्टॅन्ली हॉल यांनी १८८३ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ती सुरू केली. आपल्याकडे १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, तो नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली. ते हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग हे वुंट यांचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांना ही परंपरा फळ्यावर एका रेघेत काढून दाखवावी. लाइपझिगपासून आपल्या जर्नलच्या, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीच्या, पानापर्यंत ती फारशी लांब नाही.

चौथा प्रयोग: विसरण्याचे मोजमाप

वुंट यांचे मत होते की स्मृती आणि विचार यांसारख्या उच्च प्रक्रियांना प्रयोगशाळेतली अशी पद्धत लावता येणार नाही. हेर्मान एबिंगहाउस यांनी ते मानले नाही. त्यांना पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात फेक्नर यांचा ग्रंथ मिळाला आणि वेदनाचे जे मोजमाप झाले ते स्मृतीचेही व्हावे, असे त्यांना वाटले. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना विद्यार्थी. प्रयोगकर्ताही तेच आणि निरीक्षकही तेच. दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून त्यांनी सुमारे २३०० निरर्थक पदे बनवली आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मराठीत अशी पदे करताना कष्ट पडतात, पण मौज तिथेच आहे. एका डब्यात व्यंजनांच्या आणि दुसऱ्यात स्वरांच्या चिठ्ठ्या घालून पदे काढावीत: 'ठेख', 'झौढ', 'छीघ', 'भूथ'. 'वीट', 'घट', 'बोर' असे अर्थाचे शब्द निघाले तर बाजूला ठेवावेत. 'गेळ' हे पद आमच्या एका गटाने निरर्थक म्हणून ठेवले होते, पण पाठ करताना प्रत्येकाला केळ आठवू लागले. मन अर्थाला किती हपापलेले असते हे तेव्हा दिसले. ते पदही आम्ही काढून टाकले.

तेरा-तेरा पदांच्या याद्या कराव्यात. मोबाईलवरचा मेट्रोनोम मिनिटाला १५० ठोक्यांवर लावावा आणि एका ठोक्याला एक पद या गतीने यादी मोठ्याने वाचावी. एबिंगहाउस यांचीही हीच गती होती. न पाहता लागोपाठ दोनदा बिनचूक म्हणता येईपर्यंत किती सेकंद लागले ते लिहावे. ठरलेल्या अंतराने तीच यादी पुन्हा पाठ करावी आणि पुन्हा वेळ मोजावा. पहिल्यांदा ३०० सेकंद लागले आणि दुसऱ्यांदा १९५, तर १०५ सेकंद वाचले, म्हणजे बचत ३५ टक्के. 'आठवते का?' या प्रश्नाला 'काहीच आठवत नाही' असे उत्तर देणाऱ्याच्याही मनात किती शिल्लक आहे, हे या बचतीतून कळते. या एका युक्तीसाठी मला एबिंगहाउस यांच्याविषयी अपार आदर वाटतो. त्यांची स्वतःची बचत २० मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के होती. पहिल्या तासात उतार कडेलोटासारखा आहे आणि महिन्याच्या शेवटी जवळजवळ सपाट.

प्रत्येक अंतरासाठी नवी यादी घ्यावी. तीच यादी दोनदा तपासली तर मधल्या पाठांतराने पुढचा आकडा फुगतो. पाठ करण्याची वेळ दिवसातली एकच ठेवावी, सकाळी केले तर पुन्हाही सकाळीच. मधल्या काळात यादी मनात घोळवायची नाही, हे विद्यार्थ्यांकडून कबूल करून घ्यावे. याद्या शिक्षकाने पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवाव्यात. सर्वांत अवघड काम तारखा जुळवण्याचे आहे. एक दिवसाची तपासणी रविवारी येऊ नये, सहा दिवसांची सुट्टीत जाऊ नये आणि ३१ व्या दिवशी निरीक्षक हजर असावा, यासाठी कॅलेंडर समोर ठेवून उलट्या क्रमाने तारखा लावाव्यात. जूनच्या अखेरीस वर्ग बसले की जुलैच्या पहिल्या आठवड्यात याद्या पाठ करून घ्याव्यात. म्हणजे ३१ वा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो आणि गणेशोत्सवात कॉलेज ओस पडण्यापूर्वी सर्वांची पाकिटे उघडून होतात. पावसाने जोर धरला आणि कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशाऱ्याच्या ४० फुटांकडे चढू लागले, तर नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची ३१ व्या दिवसाची तपासणी फोनवर घ्यावी. यादी त्यांच्या घरच्या माणसाकडे बंद पाकिटात आधीच देऊन ठेवावी, आणि त्या नोंदीपुढे 'घरी घेतली' असे जर्नलमध्ये स्पष्ट लिहावे.